वॉशिंग मशीनच्या खालची ओळ

मला राग पटकन येतो. अगदी नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझी चूक किती आणि इतरांची किती, ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

सहा वर्षांपूर्वी माझं लग्न झालं आणि मी सासरी राहायला गेलो. हो, मी गेलो. बायको आईवडिलांचं लॉज सांभाळते, ते सोडून ती कुठे जाणार? सहा खोल्यांचं लॉज, खाली काउंटर आणि जेवणाची खोली, मागच्या बाजूला घर. माझं काम म्हणजे ऑफिसांत, शाळांत, दवाखान्यांत नेटवर्क बसवून द्यायचं. ते कुठेही राहून करता येतं. मी म्हटलं, चला, मीच येतो. लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटायचं ते कपाचं.

आता हे नीट ऐका. त्या घरात एक पद्धत आहे. विकत आणलेली प्रत्येक नवी वस्तू आधी पाहुण्यांच्या खोल्यांत जाते. टॉवेल, चादर, उशी, कप, बशी, सगळं. टॉवेलच्या कोपऱ्याला सासूबाई लाल दोऱ्याचा एक टाका घालतात, म्हणजे हा पाहुण्यांचा. वर्षा-दोन वर्षांनी टॉवेल विरला की तो लाल टाका उसवायचा आणि टॉवेल घरात आणायचा. कपाचा टवका उडाला की कप घरात. चादर फाटली की चादर घरात. त्यामुळे घरात एकही वस्तू धड नाही. सासरे ज्या कपातून चहा पितात त्याला कानच नाही. बायकोच्या टॉवेलमधून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. माझ्या मेहुण्याचे पाय चादरीतून बाहेर येतात, आणि तेही मधूनच.

आणि मला? मला सहा वर्षं सोनेरी काठाचा नवा कोरा कप. रोज लाल टाक्याचा टॉवेल, तोही इस्त्री केलेला.

पहिले काही महिने वाटलं, वा, काय मान आहे! मग वाटलं, होईल हळूहळू. तिसऱ्या वर्षी मी मुद्दाम कप हातातून सोडला. मस्तपैकी टवका उडाला. मनात म्हटलं, आता हा माझा. सासूबाई धावत आल्या, "लागलं नाही ना हो जावईसाहेब?" म्हणाल्या आणि दुसरा कोरा कप हजर केला. टवका उडालेला मेहुण्याला मिळाला.

सासरे मला अहो-जाहो करतात. मी खोलीत शिरलो की हातातला पेपर बाजूला ठेवून अर्धवट उठतात. मेहुण्यावर मात्र दिवसातून चार वेळा "अरे टोणग्या!" म्हणून ओरडतात आणि तो टोणगा जांभई देत हसतो. मला त्याचा इतका हेवा वाटायचा की काय सांगू! या घरात माझ्यावर एकदा, फक्त एकदा, कोणीतरी खेकसावं एवढीच माझी इच्छा होती. माणूस खेकसतो तो आपल्या माणसावर. पाहुण्याला नुसता चहा विचारतात.

तर ही माझी दुखरी नस. आता वायफायकडे येऊ.

लॉजमध्ये नेटवर्क एकच होतं. पाहुण्यांना तेच, घराला तेच, काउंटरलाही तेच. वायफायचा पासवर्ड काउंटरच्या मागे भिंतीवर ठळक अक्षरांत डकवलेला. सहा वर्षं मी सांगत होतो, बाबा, हे बरं नाही, पाहुण्यांचं वेगळं करू. सासरे म्हणायचे, "असू द्या हो जावईसाहेब. दिवसभर बाहेर तेच करता, घरी कशाला दगदग? बसा, आराम करा." म्हणजे गावभर मी नेटवर्क बसवत हिंडायचं आणि स्वतःच्या घरात राउटरला हात लावायचा नाही. तळपायाची आग मस्तकात जायची. पण जावई पडलो, बोलतो कोणाला?

मग चार नंबरच्या खोलीत केसांचं तेल विकणारा एक विक्रेता उतरला.

सकाळी साडेआठची वेळ. जेवणाच्या खोलीत आठ-दहा पाहुणे नाश्ता करत होते. सासरे हातात किटली घेऊन भिंतीवरच्या टीव्हीखाली उभे होते. तेलवाल्याला वर आपल्या खोलीतल्या टीव्हीवर आपल्या तेलाची चित्रं बघायची होती. सगळं एकाच नेटवर्कवर, त्यामुळे त्याच्या फोनला लॉजमधले सगळे टीव्ही दिसत होते. त्याने बोट ठेवलं ते नेमकं जेवणाच्या खोलीच्या टीव्हीवर. बातम्या गेल्या आणि पडदाभर एक टक्कल उगवलं. खाली लिहिलेलं, 'आधी'. दहा सेकंदांनी त्याच डोक्यावर घनदाट केस. 'नंतर'. मग दुसरं टक्कल. मग तिसरं.

आता सासऱ्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. पाहुणे टीव्हीकडे बघायचे, मग सासऱ्यांकडे, मग परत टीव्हीकडे. एकजण घास तोंडाशी धरून तसाच थांबला. सासऱ्यांना मागचं काही दिसत नव्हतं, ते आपले हसून सगळ्यांना चहा विचारत होते. शेवटी कोपऱ्यातल्या आजीबाईंनी आपुलकीने विचारलं, "तुम्ही केव्हापासून लावताय हो? अजून फरक दिसत नाही!"

सासऱ्यांनी वळून बघितलं. तेवढ्यात तेलवाला जिना उतरत धावत आला. माणसाने माफी मागावी की नाही? त्याने सासऱ्यांच्या हातात एक बाटली ठेवली.

सासऱ्यांनी किटली खाली ठेवली, बाटली तिच्या शेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईसाहेब, तुमचं ते नेटचं काय असेल ते करून टाका."

मला गुदगुल्या झाल्या. सहा वर्षांनी या घराने मला काम सांगितलं होतं!

दुपारी मी सगळ्यांना टेबलाभोवती बसवून कागदावर चित्र काढलं. "हे बघा, तारा आहेत त्याच राहतील. मध्ये स्विच नावाचा एक डबा बसवायचा. त्यात दोन व्हीलॅन करायची. म्हणजे तार एकच, पण तिच्यातून दोन वेगळी नेटवर्कं जाणार. जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर क्रमांक पडतो. दहा नंबर घरचा, वीस नंबर पाहुण्यांचा. विसातल्याला दहातलं काही दिसत नाही. टीव्ही नाही, प्रिंटर नाही, काही नाही."

"म्हणजे मध्ये भिंत घालायची," सासरे म्हणाले.

"हो, भिंतच म्हणा."

"कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"जिन्याच्या अलीकडे की पलीकडे?" त्यांनी खिशातून मोजायची टेप काढलीसुद्धा.

"बाबा, ती दिसत नाही."

"दिसत नाही? मग पाहुणे आपटतील की!"

"आणि पुसायची कोणी?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तिला धूळ बसत नाही," बायको म्हणाली.

"मग होऊ दे," सासूबाई म्हणाल्या आणि भिंत मंजूर झाली.

पहिली अडचण जागेची. लॉजमधल्या सगळ्या तारा येतात त्या कपड्यांच्या खोलीत, म्हणजे जिथे चादरी-टॉवेल ठेवतात तिथे. स्विच तिथेच बसणार. मी डबा घेऊन गेलो तर सासूबाई दारात हात पसरून उभ्या. "तुम्ही नको हो जावईसाहेब. आत सगळा पसारा आहे." त्या खोलीत पाहुण्यांनी जायचं नाही, असा नियम. फाटक्या चादरी पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. सहा वर्षांत मी ती खोली आतून बघितली नव्हती.

शेवटी स्विच आत घेऊन गेला मेहुणा. मला बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची दिली, वर उशी ठेवली, आणि मी तिथून ओरडून सांगायचं.

"निळी तार तिसऱ्या भोकात घाल!"

"आकाशी निळी की गडद?"

"तिथे निळ्या किती आहेत?"

"एकच."

"मग तीच घाल ना!"

एका तासाच्या या कामात तो मध्येच ब्लँकेटांच्या ढिगावर झोपलासुद्धा. त्याचं घोरणं ऐकून मला कळलं. असो, तारा बसल्या. आता उरलं सेटिंग. ते खरं तर स्विचजवळ बसून, लॅपटॉप तारेने त्याला जोडून करायचं असतं. आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण मला आत जायला बंदी. म्हटलं, ठीक आहे, जेवणाच्या खोलीत बसून वायफायवरून करू.

"बाबा," मी म्हणालो, "कोण घरच्या नेटवर्कात आणि कोण पाहुण्यांच्या, ते तुम्हीच ठरवा. तुमचं घर."

हे मी मुद्दाम म्हणालो. माझं नाव ते कुठे घालतात ते मला बघायचं होतं. सासऱ्यांनी मोठी वही काढली, पट्टीने मधोमध रेघ मारली, दोन रकाने केले आणि जाता जाता सांगितलं, "पाहुण्यांचं नेट मात्र जोरात पळालं पाहिजे हं. घरच्यांना काय, उरेल ते चालतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वही माझ्यासमोर आली. डाव्या रकान्यात 'घर': काउंटरचा कॉम्प्युटर, सासूबाईंचा फोन, बायकोचा फोन, टोणग्याचा फोन (असंच लिहिलं होतं), जेवणाच्या खोलीतला टीव्ही, प्रिंटर आणि सगळ्यात खाली वॉशिंग मशीन. कपडे धुऊन झाले की ती सासूबाईंच्या फोनवर कळवते, म्हणून तिलाही नेट.

उजव्या रकान्यात 'पाहुणे'. पहिलीच ओळ: जावईसाहेब, फोन आणि लॅपटॉप. खाली दोन रेघा मारलेल्या. त्याखाली खोली एक ते सहा. मग तेलवाला.

मी वही दोनदा वाचली. वॉशिंग मशीन त्या घरात येऊन आठ महिने झाले होते. ती घरची. मी पाहुणा. आणि चुकून कोणाला शंका राहू नये म्हणून खाली दोन रेघा! मी बायकोसमोर वही आपटली.

"अरे, मग विचार ना त्यांना!" ती म्हणाली.

"मी का विचारू? सहा वर्षं झाली."

"तोंड आहे ना तुला? माझ्यावर बरं चालतं!"

"काही विचारणार नाही. त्यांनी लिहिलंय तसं करतो. अगदी तस्सं."

"तू रागात काम करू नकोस हं," बायको म्हणाली. तिने सांगितलेलं मी तेव्हाच ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

साडेबारा वाजले होते. दोन वाजता गायकांचं एक मंडळ उतरणार होतं. बाराजण, सहाही खोल्या त्यांच्या. तेलवाल्याचीही खोली सकाळीच रिकामी करून घेतली होती. मी म्हटलं, दीड तास म्हणजे डोक्यावरून पाणी. बसलो.

आधी पाहुण्यांचं नेटवर्क केलं. वीस नंबर. छान झालं, सुसाट पळायला लागलं. मग यादीत लिहिल्याप्रमाणे माझा लॅपटॉप त्याच्यात टाकला. पहिली ओळ ना, मान आमचा. मग राउटरला सांगितलं, घरचं नेट इथून पुढे दहा नंबरने पाठव. आता स्विचलाही सांगायचं होतं की दहा नंबर म्हणजे घर आणि तो अमुक अमुक तारांवर सोड. ते पान उघडलं आणि माझी नजर परत वहीवर गेली. त्या दोन रेघांवर. ते पान तसंच टाकून मी थेट शेवटच्या पानावर गेलो. तिथे एक सेटिंग असतं: स्विचच्या कारभारात फक्त दहा नंबरच्यांनीच हात घालायचा, पाहुण्यांनी नाही.

"पाहुण्यांनी नाही ना?" मी दात-ओठ खात म्हणालो. "बरोबर आहे. पाहुण्यांचं काय काम?" आणि दाबलं बटण. वर 'सेव्ह' पण दाबलं.

पडदा गोठला. मी परत दाबलं. काही नाही. मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. मी पाहुण्यांच्या नेटवर्कात बसलो होतो आणि स्विचने माझं ऐकून मला हाकलून दिलं होतं. घरचं नेटवर्क अजून कुठल्याच तारेला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे तिकडूनही कोणाला आत शिरता येणार नव्हतं. राउटर बिचारा घरचं नेट दहा नंबर लावून पाठवत होता, आणि दहा नंबर कोण हेच स्विचला माहीत नसल्याने तो ते फेकून देत होता. पाहुण्यांचं नेट सुसाट, घर ठार बंद. 'सेव्ह' दाबलं नसतं तर वीज बंद-चालू करून जुनं सगळं परत आलं असतं. पण मी दाबलं होतं. पंधरा वर्षांच्या नोकरीत जी चूक मी कोणाला करू दिली नाही ती मी स्वतः केली होती, आणि तीही वॉशिंग मशीनवरच्या रागाने!

"जावईसाहेब," काउंटरवरून मऊ आवाज आला, "नेट जरा गेल्यासारखं वाटतंय. तुमचं आटोपलं की बघाल का? घाई नाही."

घाई नाही म्हणतात न म्हणतात तोच गायकांना आणायला गेलेल्या मेहुण्याने गाडी दारात आणली आणि बाराही गायक सामानासकट आत आले. त्यांच्या प्रमुख बाई पुढे झाल्या. बाईंचा आवाज असा की काउंटरवरची घंटी आपोआप वाजली.

"आमची यादी मिळाली ना? उद्या सकाळी आमचा कार्यक्रम आहे. आमच्यात चारजण घोरतात. त्यांना दोन खोल्यांत एकत्र ठेवायचं. बाकीच्यांची झोप झाली नाही तर आवाज लागत नाहीत. चौघांची नावं मी मेलवर कळवली आहेत. इथे सगळ्यांसमोर सांगणं बरं दिसत नाही."

सासऱ्यांच्या टकलावर घाम चमकला. मेल काउंटरच्या कॉम्प्युटरवर. त्या कॉम्प्युटरला वायफाय नाही, तारेचंच नेट. मी धावत जाऊन म्हटलं, "बाबा, माझ्या लॅपटॉपवर तुमचा मेल उघडू, पासवर्ड सांगा." सासरे म्हणाले, "तो मी नऊ वर्षांपूर्वी एकदाच टाकला होता. त्या कॉम्प्युटरलाच ठाऊक."

मग त्यांनी गायकांकडे वळून हात जोडले. "आपल्यापैकी कोण कोण घोरतं, त्यांनी कृपया हात वर करावेत."

एकही हात वर झाला नाही. मग प्रत्येकाने शेजारच्याकडे बोट दाखवलं. मग भांडण सुरू झालं, आणि तेही तालासुरात. जाड्या आवाजाचे खालून, बारीक आवाजाचे वरून. "मी? मी घोरतो? तू स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलंयस का कधी?" प्रमुख बाई सगळ्यांच्या वर एकच सूर धरून "शांत! शांत!" म्हणत होत्या.

मी कपड्यांच्या खोलीकडे पळालो. सासूबाई दारात. "नको हो जावईसाहेब, आत पसारा..."

"आई, मला त्या डब्याजवळ बसायलाच लागेल. त्याचं बटण टाचणीने दाबायचं, लॅपटॉप तारेने जोडायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. बाहेरून ओरडून होणार नाही."

"ह्यांना विचारते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सासरेच आले. मागे भांडण टिपेला पोचलं होतं. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "जावईसाहेब," म्हणाले, "आपण जरा, म्हणजे सवडीने का होईना, पण..."

"आत जाऊ का, बाबा?" मी अदबीने विचारलं. "म्हणजे तुमची परवानगी असेल तर. मी काय, पाहुणाच."

सासऱ्यांचं टक्कल आधी गुलाबी झालं, मग लाल, मग जांभळं.

"अरे गाढवा!" ते गरजले. "परवानगी काय मागतोस? सहा वर्षं या घरात जेवतोयस आणि दारात उभा राहून विचारतोस, आत येऊ का? घुस आत! आणि ते नीट केल्याशिवाय बाहेर थोबाड दाखवू नकोस!"

सगळं लॉज गप्प झालं. गायकसुद्धा. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. मेहुणा आ वासून माझ्याकडे बघत होता. आपली जागा कोणी घेतली की माणूस बघतो तसा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने हो! "आलो, बाबा," म्हटलं आणि सासूबाईंच्या हाताखालून वाकून आत घुसलो.

आत काय काय होतं! विरलेले टॉवेल, ठिगळांच्या चादरी, खिळ्यांना टांगलेले टवके उडालेले कप. आणि खिडकीजवळच्या फळीवर, वेगळे ठेवलेले, बारा नवे कोरे टॉवेल, लाल टाक्याचे. शेजारी सोनेरी काठाचे सहा कप. वर सासूबाईंच्या अक्षरात चिठ्ठी: 'जावईसाहेबांचे. कोणीही हात लावू नये.' मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बघितलंत ना शेवटी सगळं फाटकं?" त्यांना लाज वाटत होती ती फाटक्या चादरींची. मला कशाची वाटत होती ते मी बोललो नाही.

मी चादरींच्या ढिगावर बसकण मारली, टाचणीने बटण दाबून धरलं, तार जोडली. आधी काउंटरची तार दहा नंबरात. मग प्रिंटर. मग टीव्ही.

"झालं का रे?" बाहेरून सासरे.

"होतंय, बाबा!"

"हात चालव जरा! तोंड नको!"

काय सांगू, काम खरं तर तेव्हाच झालं होतं, शेवटचं बटण तेवढं दाबायचं होतं. पण मी आणखी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. तेवढ्यात सासरे आणखी तीनदा ओरडले. एकदा तर "मठ्ठ" म्हणाले.

मग काउंटरवरचा प्रिंटर घरघरला. यादी आली. चार घोरणारे दोन खोल्यांत गेले. त्यांतल्या एक खुद्द प्रमुख बाई निघाल्या, त्यामुळे पुढचा जिना सगळे अगदी शांतपणे चढले.

लॉज निवांत झालं आणि सासरे भानावर आले. जेवणाच्या खोलीत माझ्यासमोर सोनेरी काठाचा कप ठेवून ते उभेच राहिले. "जावईसाहेब," म्हणाले, "मघाशी तोंडातून काहीतरी गेलं. मला माफ करा. असं व्हायला नको होतं."

झालं! सहा वर्षांचं सगळं माझ्या डोक्यात एकदम चढलं.

"नको मला माफी!" मी ओरडलो. "आणि नको हा कप! सहा वर्षांत आज एकदा मला घरच्यासारखं बोललात, तेही परत घेता? मला पाहुण्यांत टाकलंत! वॉशिंग मशीन घरची आणि मी पाहुणा? आणि त्याखाली दोन रेघा!"

सासरे माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, पण चांगलं नेट पाहुण्यांचंच ना?" ते म्हणाले. "घरच्यांना उरलंसुरलं. तुम्हाला उरलंसुरलं कसं द्यायचं? म्हणून तुमचं नाव पहिलं घातलं. रेघा मारल्या, त्या चुकून विसरू नये म्हणून."

"मला उरलंसुरलंच हवंय, बाबा," मी म्हणालो, आणि माझा आवाज असा काही फाटला की वर कुठल्यातरी गायकाने खिडकी उघडून बघितलं.

बायको फक्त म्हणाली, "मी म्हटलं होतं, विचार." सासूबाई उठल्या, समोरचा कप उचलून आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पुढ्यात चहा आला तो टवका उडालेल्या कपात. पहिल्याच घोटाला ओठ कापला. टॉवेलमधून आरपार दिसत होतं. शेजारी वही उघडी पडली होती. उजव्या रकान्यातली पहिली ओळ पट्टी लावून खोडलेली. डाव्या रकान्यात, वॉशिंग मशीनच्या खाली, सासऱ्यांच्या अक्षरात नवी ओळ: 'गाढव, फोन आणि लॅपटॉप.'

मी लगेच लॅपटॉप घरच्या नेटवर्कात घेतला. पाच मिनिटं पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं, कारण वॉशिंग मशीन काहीतरी डाउनलोड करत होती.

"बाबा," मी म्हणालो, "घरचं नेट फारच हळू आहे हो."

"चालवून घे," पेपरमधून डोकं वर न काढता सासरे खेकसले.